उष्ण आणि विषण्ण

उल्हासनगरच्या एका कॉलेजात मानसशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर म्हणून लागली तेव्हा शीला हिवराळे तेवीस वर्षांची होती, बारावी पास होती, आणि मानसशास्त्र म्हणजे वेड्यांचं शास्त्र अशी तिची पक्की समजूत होती. काम साधं होतं. कपाटं पुसायची, आरशात बघून चांदणी गिरवायचं यंत्र टेबलावर मांडायचं, स्टॉपवॉचचे सेल बदलायचे, तास संपला की सगळं मोजून परत ठेवायचं. पण हात चालू असताना तिचे कानही उघडे असायचे. तीन-चार वर्षांत अशी वेळ आली की पोरं प्रॅक्टिकल अडलं की मॅडमकडे जाण्याआधी तिच्याकडे यायची.

"शीलाताई, माझा रिझल्ट उलटा का येतोय?"

"चांदणी गिरवणाऱ्या पोराशी तू सारखा बोलत होतास. तो दमला नाही, वैतागला. परत घे."

विभागप्रमुख मालिनी मॅडमनी हे एकदा दारात उभं राहून ऐकलं. मॅडम कडक होत्या, कोणाचं कौतुक त्यांच्या तोंडून सहसा निघत नसे. त्या दिवशी एवढंच म्हणाल्या, "यंत्र तू लावतेस ना? मग ते काय मोजतं तेही शीक की."

आणि दुसऱ्या दिवशी दूरस्थ शिक्षणाचा फॉर्म स्वतः आणून तिच्या हातात दिला.

शीला शिकली. आधी बी.ए., मग एम.ए. मधल्या काळात लग्न झालं, मोडलं. त्याबद्दल ती आजही चार शब्दांपलीकडे बोलत नाही. बदलापूरजवळ सोनिवलीत वडिलांबरोबर राहायला आली. वडील शंकरराव अंबरनाथच्या कारखान्यातून रिटायर झालेले, पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या जाहिरातीपर्यंत वाचणारे. पीएचडीची प्रवेशपरीक्षा शीला दुसऱ्या खेपेला पास झाली तेव्हा ती छत्तीस वर्षांची होती. मार्गदर्शक म्हणून मालिनी मॅडमनीच सही केली. स्टाफरूममध्ये कुणीतरी हसत म्हणालं, "आता चहा कोण आणणार?"

"मीच," शीला म्हणाली. "पीएचडी केली म्हणून हात झडतात का सर?"

विषय मॅडमनी दिला: जीन्सचे धागे कापणाऱ्या बायकांमधला अवसाद. अवसाद म्हणजे डिप्रेशन. उल्हासनगरच्या कॅम्प पाचमध्ये जीन्स शिवणारे कारखाने गल्लोगल्ली. शिवून झालेल्या पँटींचे गठ्ठे आजूबाजूच्या घरांत जातात आणि शिवणीतून लोंबणारे धागे बायका छोट्या कटरने कापत बसतात, दिवसच्या दिवस, पत्र्याच्या छपराखाली. त्यांना मॅडमची अवसाद चाचणी द्यायची होती. एकवीस वाक्यं, प्रत्येकापुढे चार पर्याय: कधीच नाही, क्वचित, वारंवार, सदैव.

ही चाचणी म्हणजे मालिनी मॅडमचं आयुष्य होतं. तिशीत असताना कोणाची मदत नसताना त्यांनी ती मराठीत तयार केली होती. पुण्या-मुंबईच्या कॉलेजांत फिरून हजार मुलामुलींवर तपासली होती. पुढे कितीतरी प्रबंध तिच्यावर उभे राहिले.

पीएचडीच्या पहिल्या वर्षी संशोधन पद्धतीचे तास असतात. तेही मॅडमच घ्यायच्या आणि फार सुंदर शिकवायच्या. एकदा त्या म्हणाल्या, "वाण्याचा काटा रोज तेच वजन दाखवतो. याला विश्वसनीयता म्हणा. पण ते वजन खरं आहे का? ही झाली यथार्थता. काटा रोज तेच खोटं बोलत असेल तर?" शीलाने हे वहीत उतरवून त्याखाली दोन रेघा मारल्या होत्या.

सात महिन्यांत तिने दोनशे चाळीस बायकांचे फॉर्म भरले. बऱ्याच जणींना वाचता येत नव्हतं, म्हणून ती वाक्य वाचून दाखवायची आणि त्या सांगतील तिथे खूण करायची. मॅडमची ताकीद होती, "एक शब्द बदललास तर चाचणी मेली." शीलाने एकही शब्द बदलला नाही. कोणी "म्हणजे काय?" विचारलं तर तेच वाक्य पुन्हा वाचायचं, सावकाश.

आकडे आले. दर शंभरांतल्या अठ्ठावन्न बायकांना तीव्र अवसाद. मॅडमचे डोळे चमकले. "शीला, हा पेपर गाजणार."

दोन फॉर्मांवर एकेक खूण राहून गेली होती, म्हणून शीला पुन्हा कॅम्प पाचला गेली. त्यातला एक फॉर्म भागीरथीचा. भागीरथी परभणीकडची, चाळिशीची, बोलायला तिखट. ओट्यावर पँटींच्या ढिगात बसलेली.

"आलीस का गं पुन्हा? बस. काय ते तुझे प्रश्न, आमच्या डोक्याला शॉट!"

"एकच राहिलाय मावशी. बाकी तुम्ही सगळे सांगितलेत. हे बघा, 'मी विषण्ण असते', तुम्ही सांगितलंत सदैव."

"मग? असतेच की उष्ण. तू बसून बघ या पत्र्याखाली दुपारची. अंगाची काहिली व्हती नुस्ती."

शीलाचा पेन हातातच राहिला.

"मावशी, उष्ण नाही. विषण्ण."

"ते काय असतंय?"

त्या दुपारी शीलाने तिथेच बसून भागीरथीला एकवीसच्या एकवीस वाक्यं विचारली, पण वेगळ्या रीतीने. वाक्य वाचायचं आणि म्हणायचं, तुम्हाला काय समजलं ते सांगा. 'मला भविष्य निराशाजनक वाटते' याला भागीरथीने ठसक्यात 'कधीच नाही' सांगितलं होतं. का? "आम्ही बौद्ध हाओत बाई. भविष्यबिविष्य मानत न्हाई." 'माझी निद्रा खंडित होते' याचं तिने खंडीभर झोप लागते असं केलं होतं. चाचणीच्या हिशेबाने भागीरथी आजारी निघाली होती, आणि तिचा आजार होता ऊन.

शीलाने मॅडमना लगेच काही सांगितलं नाही. एका बाईवरून बोलायचं नाही, हे त्यांनीच शिकवलं होतं. तिने दोनशे चाळिसांतून चिठ्ठ्या काढून चाळीस नावं निवडली आणि प्रत्येकीकडे जाऊन तसंच बसली. प्रयोगशाळेचं काम आटपून, सुट्टीच्या दिवशी, मिळेल तसं. बायका धागे कापत बोलायच्या आणि ती त्यांचे शब्द जसेच्या तसे उतरवून घ्यायची. दुःखाला त्यांच्याकडे शब्द कमी नव्हते. जीव रमत नाही. छातीत दगड बसतो. हातातलं काम हातात राहतं. कोणी हाक मारली तरी राग येतो. अन्न गिळवत नाही. 'विषण्ण' मात्र एकीच्याही तोंडात नव्हता.

चाळिसांतली एकतिसावी रखमाबाई. साठीची, शांत. तिचे गुण सगळ्यांत कमी होते, म्हणजे कागदावर ठणठणीत. 'माझ्या मनात आत्मघाताचे विचार येतात': कधीच नाही. शीलाने विचारलं, "मावशी, या वाक्याचा अर्थ काय लावलात?"

"घातबित करायचं आपल्या मनात कशाला येईल? मी कोणाचं वाईट चिंतत नाही."

"दुसऱ्याचं नाही मावशी. स्वतःचं बरंवाईट करून घ्यावं, असं कधी वाटतं का?"

रखमाबाईने कटर खाली ठेवला. मग अगदी साध्या आवाजात, बाजारातून काय आणलं ते सांगावं तसं म्हणाली, "दोनदा जाऊन आले ना वालधुनीच्या पुलावर. एकदा माणसं होती. एकदा नातीचा आवाज कानात आला, मग फिरले मागं. तूच पहिल्यांदा विचारलंस."

शीलाने त्याच दिवशी तिच्या सुनेला बोलावून घेतलं, समजावलं, आणि दुसऱ्या दिवशी रजा टाकून दोघींना सरकारी दवाखान्यातल्या मानसोपचाराच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. रांगेत बसल्या बसल्या तिच्या डोक्यात एकच घोळत होतं. सात महिन्यांपूर्वी मी हिच्यासमोर बसले होते. हाच प्रश्न हिला विचारला होता. हिने नाही म्हटलं, मी खूण केली आणि उठून गेले.

आता मात्र ती सगळ्या वह्या घेऊन मॅडमच्या केबिनमध्ये गेली.

मॅडमनी शांतपणे ऐकून घेतलं. शेवटी चष्मा काढला. "चाळीस जणींशी गप्पा मारून चाचणी मोडीत निघत नसते, शीला. तिची विश्वसनीयता सिद्ध झालेली आहे."

"विश्वसनीयता आहे मॅडम. यथार्थता नाही. तुम्हीच शिकवलंत, काटा रोज तेच खोटं बोलत असेल तर?"

"मला माझंच ऐकवू नकोस."

"मॅडम, एकवीसपैकी नऊ वाक्यं त्यांना कळलेलीच नाहीत. या बायका दुःखी नाहीत असं मी म्हणतच नाही. पण आपण दुःख मोजलं नाही, ऊन मोजलंय. आणि जी खरोखर मरायला निघाली होती, तिला निरोगी ठरवलंय."

"मर्यादा म्हणून शेवटी एक ओळ टाक," मॅडम म्हणाल्या. "भाषिक अडचणींचा किंचित परिणाम संभवतो. बस. बाकीचं तुझ्या पुढच्या संशोधनाला."

"एका ओळीत रखमाबाई मावत नाही मॅडम."

मॅडमनी चष्मा लावला आणि समोरचे पेपर तपासायला घेतले.

दोन महिने यावर काही बोलणं झालं नाही. मग एका सकाळी विभागातला पीएचडीचा दुसरा विद्यार्थी उन्मेष नाचतच प्रयोगशाळेत आला. हातात एका शोधनियतकालिकाचा अंक. "ताई, पार्टी! छापून आला!"

'असंघटित स्त्री कामगारांमधील अवसादाचे प्रमाण.' लेखिका म्हणून आधी मालिनी मॅडमचं नाव आणि खाली तिचं. अठ्ठावन्न टक्के, तक्त्यासकट. चाळीस जणींचा उल्लेख नव्हता. ती 'किंचित'वाली ओळसुद्धा नव्हती.

"मला विचारलं नाही," शीला म्हणाली.

"अहो, विचारायचं काय? तुमचं नाव आलंय! लोक वर्षानुवर्षं लटकतात यासाठी."

"उन्मेष, हे खोटं आहे."

उन्मेषने दार लोटून घेतलं. तो वाईट मुलगा नव्हता, फक्त त्याला घाई होती. "ताई, खरं सांगू? डिग्री घ्या आधी. क्रांती नंतर. मॅडमला दोन वर्षांत रिटायर व्हायचंय, तुम्हाला डॉक्टर व्हायचंय. कायको लफडा?"

तिने अंक पिशवीत टाकला. घरी जाऊन न बोलता वडिलांच्या हातात दिला, कारण तिला स्वतःला काय वाटतंय ते तिला कळत नव्हतं. शंकररावांनी तिच्या नावावरून बोट फिरवलं. एकदा, मग परत एकदा. त्यांच्या घराण्यातलं छापलेलं पहिलं नाव. लग्नपत्रिका सोडल्या तर.

"बाबा, मी यातून माझं नाव काढायला सांगणार आहे."

म्हातारा चरकला. "का?"

तिने सगळं सांगितलं. उष्णचं सांगितलं तेव्हा ते हसले, रखमाबाईचं सांगितलं तेव्हा त्यांनी नावावरचं बोट उचललं. मग म्हणाले, "त्या बाईंनी तुला हाताला धरून शिकवलं, शीला. लोक म्हणतील, ज्या ताटात जेवली त्यातच थुंकली."

"म्हणू देत."

"नोकरी त्यांच्याच हाताखाली आहे."

"माहीत आहे."

"मग माझं का ऐकायला आलीस?"

"ऐकायला नाही आले. सांगायला आले," ती म्हणाली. आणि मग जरा नरमून, "तुमच्यापासून लपवून नाही करायचं मला."

शंकररावांनी अंक मिटला. खूष ते नव्हतेच, आणि पुढेही वर्षभर नव्हते. पण एवढं म्हणाले, "करायचंच असेल तर सहीनिशी कर. निनावी पत्र लिहू नकोस. निनावी पत्रं भित्र्या माणसांची असतात."

पत्र दीड पानाचं झालं. वाईट शब्द एकही नव्हता. नऊ वाक्यं, त्यांचा बायकांनी लावलेला अर्थ, चाळिसांपैकी किती जणींनी तो लावला, त्याचा तक्ता. शेवटी: 'या निष्कर्षांशी मी सहमत नाही. हा लेख माझ्या संमतीशिवाय प्रसिद्ध झाला आहे. माझे नाव काढावे आणि सोबतची माहिती छापावी.' संपादकांना पाठवण्याआधी तिने त्याची एक प्रत मॅडमच्या टेबलावर नेऊन ठेवली. मॅडम समोर होत्या.

"हे मी आज पाठवतेय मॅडम. आधी तुम्ही वाचावं म्हणून."

मॅडमनी वाचलं. त्यांचा चेहरा लाल झाला नाही, उलट एकदम म्हातारा दिसला. "ही चाचणी केली तेव्हा मराठीत काहीही नव्हतं," त्या म्हणाल्या. "काही म्हणजे काहीही. माझ्या नवऱ्याने हसून विचारलं होतं, कशाला वेळ घालवतेस. आणि तू... मी तुला कपाट पुसताना उचललं, शीला."

"तुम्ही उचललंत म्हणून तर तुमच्यासमोर आले. दुसरं कोणी असतं तर पोस्टातच टाकलं असतं."

"जा."

त्या दिवसानंतर मालिनी मॅडम शीलाशी बोलल्या नाहीत. एकाच विभागात, एकाच छपराखाली. प्रॅक्टिकलला काय मांडायचं ते उन्मेष येऊन सांगायचा. शीला रोज मॅडमच्या तासाला यंत्रं मांडत राहिली, एकदाही काही कमी ठेवलं नाही. मार्गदर्शक म्हणून मॅडमनी राजीनामा दिला. कॉलेजने 'कार्यालयीन शिस्ती'बद्दल मेमो दिला. तिने त्याला मुद्देसूद उत्तर दिलं. महिनाभराने तिची बदली प्रयोगशाळेतून परीक्षा विभागाच्या गोदामात झाली. उत्तरपत्रिकांचे गठ्ठे, वाळवी आणि एक ट्यूबलाइट. स्टाफरूममध्ये तिच्या पाठीमागे कोणी काही, कोणी काही. कोणी तर सरळ जातीवर आलं: "यांना थोडं वर घेतलं की असंच." हे तिच्या कानावर आलं तेव्हा ती भरल्या स्टाफरूममध्ये जाऊन उभी राहिली.

"माझ्या तक्त्यात चूक असेल तर दाखवा," ती म्हणाली. "माझी जात त्यात नाहीये. नऊ वाक्यं आहेत."



संपादकांचं उत्तर सात महिन्यांनी आलं. त्यांनी दोन तज्ज्ञांकडून तपासून घेतलं होतं. लेख मागे घेतला होता.

हे ऐकून कोणी पेढे वाटले नाहीत. शीलालाही आनंद झाला असं नाही. तिच्या हातात आता पेपर नव्हता, मार्गदर्शक नव्हता आणि नवा मार्गदर्शक वेळेत मिळाला नाही तर नोंदणी रद्द होणार होती. ती विद्यापीठात चकरा मारत राहिली. तीन प्राध्यापकांनी नाव ऐकताच जागा भरल्याचं सांगितलं. चौथे दिनानाथ सर. मुंबईतल्या एका कॉलेजात होते, हळू बोलायचे, थोडं कमी ऐकू यायचं. त्यांनी भांडणाबद्दल एक शब्द विचारला नाही.

"बायका दुःखाला काय म्हणतात, ते लिहून घेतलंय का तुम्ही?"

शीलाने पिशवीतून तीन वह्या काढल्या. सर तासभर वाचत बसले. मधूनच हसायचे, मधूनच पान परत उलटायचे. मग म्हणाले, "यातून नवी प्रश्नावली करा. वर्ष लागेल."

तीन लागली. बायकांच्या बोलीतून वाक्यं निवडायची, ती पुन्हा बायकांनाच वाचून दाखवायची, अडली की बदलायची, पुन्हा जायचं. भागीरथी तर मास्तरीणच झाली. "हे चुकलं बघ. 'जीव रमत न्हाई' असं सुखातली बाई पण म्हणती, नवरा गावाला गेला की. 'हातातलं काम हातात ऱ्हातं', हे विचार. तिथं खोटं बोलता येत न्हाई." शेवटी अठरा वाक्यं उरली. ज्यांचे गुण जास्त आले त्यांना आणि कमी आलेल्यांतल्याही काहींना सरकारी डॉक्टरनेही तपासलं, आणि या वेळी प्रश्नावली आणि डॉक्टर बहुतेक ठिकाणी जुळले. जिथे जुळले नाहीत, तेही शीलाने प्रबंधात लिहिलं, स्वतंत्र प्रकरण करून. दिनानाथ सर म्हणाले, "एवढं लांब लिहायची गरज नाही." ती म्हणाली, "आहे सर."

खुल्या मौखिक परीक्षेला कोणीही येऊन बसू शकतं, प्रश्न विचारू शकतं. शंकरराव इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत. उन्मेष आला होता, त्याची डिग्री आधीच झालेली. आणि शीलाने बोलायला सुरुवात केल्यावर मागचं दार उघडलं आणि मालिनी मॅडम येऊन शेवटच्या खुर्चीवर बसल्या. त्या रिटायर होऊन दोन वर्षं झाली होती.

परीक्षकांचे प्रश्न संपले. अध्यक्षांनी विचारलं, आणखी कोणी? मॅडम उभ्या राहिल्या.

"वीस-पंचवीस वर्षांनी हे शब्दही जुने होतील," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या बायकांच्या नातींना तुमची वाक्यं कळणार नाहीत. मग?"

"मग कोणीतरी माझ्या चुका काढेल, मॅडम. तिचं पत्र आलं तर मी उत्तर देईन."

"आभारी आहे," मॅडम म्हणाल्या आणि खाली बसल्या. निकाल जाहीर झाला तेव्हा त्यांनी टाळ्या वाजवल्या, हे शंकररावांनी पाहिलं. चहाला मात्र थांबल्या नाहीत. त्यांच्यात समेट झाला का, असं कोणी विचारलं तर शीला म्हणते, "नाही. आणि मला तो ओढूनताणून करायचाही नाही. त्यांनी मला शिकवलं, हे खरं. त्या चुकल्या, हेही खरं."

रखमाबाईची गोळी चालू आहे. महिन्याला तिची सून तिला दवाखान्यात नेते. अठरा वाक्यांची प्रश्नावली आता त्या दवाखान्यातल्या नर्सही वापरतात.

शीला अजून परिचरच आहे. प्राध्यापकाच्या जागा निघत नाहीत, निघतात तिथे ती अर्ज करते. चव्वेचाळीस चालू आहे. डिग्री मिळाल्यावर पहिल्याच सोमवारी तिने गोदामाच्या हजेरीपटावर सही केली: डॉ. शीला शंकरराव हिवराळे. ऑफिसातल्या शशिकांतने व्हाइटनर काढला.

"ताई, परिचराच्या पदाला डॉक्टर लागत नाही."

"पदाला नाही लावलं. माझ्या नावाला लावलंय."

"साहेब ओरडतील."

"कुठल्या नियमात बसत नाही ते लेखी द्या म्हणावं."

त्याने 'डॉ.'वर व्हाइटनर फिरवला. दुसऱ्या दिवशी तिने पुन्हा लिहिलं. आठवडाभर हेच चाललं. पटाच्या त्या रकान्यात पांढऱ्या खपल्या धरल्या. मग तो नियम लेखी कळवावा म्हणून तिने स्वतःच प्राचार्यांना अर्ज दिला आणि पोचपावती घेतली. त्याला पाच महिने झाले. नियम अजून कोणाला सापडलेला नाही, आणि शशिकांतने व्हाइटनर लावायचं सोडून दिलंय.